जुळी देणाऱ्या बारा मेंढ्या

मेंढीच्या मस्तकात, मेंदूच्या अगदी तळाशी, हाडाची एक लहानशी वाटी असते, आणि त्या वाटीत हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचे नाव पीयूषिका. हे नाव मला डॉक्टर बसवराज साहेबांनी सांगितले. इतका सुंदर शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता. मी सातवी नापास मनुष्य, जन्माने मेंढपाळाचा मुलगा. सोलापूर शहराबाहेरील सरकारी मेंढी पैदास केंद्रात सन एकोणीसशे एकोणसत्तरपासून मी रोजंदारीवर परिचराचे काम करीत होतो. परंतु वाचनाची गोडी मला लहानपणापासून होती, आणि चांगला शब्द भेटला की तो मी दिवसभर मनात घोळवीत असे.

बसवराज साहेब मूळचे अक्कलकोटकडचे. पस्तिशीचे, शांत स्वभावाचे, कोणावरही आवाज न चढवणारे. ते चौऱ्याहत्तर साली आमच्या केंद्रात संशोधनासाठी आले. आमच्या भागातील मेंढी एका वेळेस एकच कोकरू देते. क्वचित एखादी दोन देते. ही क्वचित गोष्ट काही मेंढ्यांच्या रक्तातच असते काय, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांनी मला समोर बसवून समजाविले होते. “हे बघ कुंडलिक, प्रत्येक पेशीत जनुकं असतात. जनुक म्हणजे हुकूम समज. पण सगळे हुकूम सगळ्या वेळी उघडे नसतात. कोणता केव्हा उघडायचा, कोणता केव्हा मिटायचा, त्यासाठीसुद्धा हुकूम आहेत. पीयूषिकेत एका जातीच्या पेशी असतात. त्या किती वाढाव्यात, त्यांनी किती रस सोडावा, हे त्यावर ठरतं. तो रस खाली बीजांडकोशाला सांगतो, एक पिकव किंवा दोन पिकव.”

“म्हणजे साहेब, कूस वरून चालते,” मी म्हणालो.

“अगदी बरोबर बोललास,” साहेब हसले. माझ्या पाच वर्षांच्या नोकरीत कोणी वरिष्ठाने मला ‘बरोबर’ म्हटल्याचा तो पहिला प्रसंग होता.

साहेबांना जुळी देणाऱ्या बारा मेंढ्या हव्या होत्या, आणि एकेकच कोकरू देणाऱ्या दुसऱ्या बारा. सर्वांची पीयूषिका काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्या विशिष्ट पेशी मोजावयाच्या आणि दोन्ही गटांची तुलना करावयाची. पीयूषिका जिवंत मेंढीतून काढता येत नाही, हे सांगावयास नकोच. जुळी देणाऱ्या मेंढ्या शोधण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले. “तू त्यांच्यातलाच आहेस. तुला ते खरं सांगतील,” असे ते म्हणाले. आणि हेही म्हणाले, की काम नीट झाले तर मला कायम करण्याची शिफारस ते स्वतः लिहितील.

माझे सख्खे मामा महिपती यांची मेंढरे सांगोल्याच्या बाजूला असत. मामांच्या कळपात एका मेंढीपासून चालत आलेला वंश होता, व त्यातली प्रत्येक मादी जुळीच देई. बहात्तरच्या दुष्काळाने तो वंश खाऊन टाकला आणि पाचच मेंढ्या उरल्या. मामा हे सर्वांना अभिमानाने सांगत, आणि कोणीही ते मानीत नसे. चनमल्लप्पा नावाचे दुसरे मेंढपाळ त्यांच्या शेजारीच कळप बसवीत. ते तर भर बाजारात म्हणत, “महिपतीची मेंढरं जुळी देत्यात, अन् आमची काय दगडं देत्यात व्हय? एक आपलं, एक शेजाऱ्याचं चोरलेलं!” आणि लोक हसत.

मी कार्तिकात, मेंढ्या विण्याच्या हंगामात, वही घेऊन गेलो. मामांच्या पाचही मेंढ्या माझ्या डोळ्यांदेखत दोन-दोन कोकरे व्याल्या. पहिल्या पाच ओळी मी स्वच्छ अंतःकरणाने लिहिल्या. त्यानंतर पंधरा दिवस मी वाड्या-वस्त्या पायी तुडविल्या, परंतु सहावी मेंढी मला मिळाली नाही.

येथे आमच्या समाजातील एक रीत सांगणे अवश्य आहे. त्या वर्षी कोवळे गवत खाऊन पुष्कळ मेंढ्या पोट फुगून मेल्या होत्या व त्यांची कोकरे पोरकी झाली होती. असे कोकरू आम्ही दुसऱ्या व्यालेल्या मेंढीखाली लावतो. तिच्या वारेचे पाणी त्याच्या अंगाला चोळतो, दोन दिवस तिच्याजवळ त्याला बांधून ठेवतो, मग ती त्याला चाटू लागते. एकदा तिने चाटले, की त्या कोकराला पुन्हा कधी परके म्हणावयाचे नाही. मेंढी ऐकते आणि लाथ मारून त्याला दूर करते, असा आमचा समज आहे. म्हणून कोणी विचारले, तरी मेंढपाळ सांगतो, “व्हय, तिचंच हाय.” हे खोटे बोलणे नव्हे. ही कोकराच्या जिवाची काळजी आहे.

चनमल्लप्पांच्या वाघरीत, म्हणजे मेंढरे कोंडावयाच्या जाळीत, तीन मेंढ्यांखाली दोन-दोन कोकरे पीत होती. एक कोकरू काळे, दुसरे तांबूस, आणि वयात आठ दिवसांचे तरी अंतर.

“दोन्ही हिचीच का?” मी वही उघडून विचारले.

“व्हय की, तिचीच,” चनमल्लप्पा मेंढीकडे पाहत म्हणाले. “लिहा सायेब, लिहा. महिपतीचाच मक्ता हाय व्हय जुळ्यांचा?”

मला ठाऊक होते. मेंढपाळाच्या पोटी जन्मलेल्या मनुष्यास हे ठाऊक नसणे शक्यच नाही. तरी मी ‘जुळी’ असे लिहिले. मनाला समजाविले, की मालक स्वतः सांगतो आहे, आणि मी तर केवळ लिहून घेणारा. अशाच रीतीने आणखी चार मेंढ्या दुसऱ्या वस्त्यांवर मिळाल्या. बारा ओळी पूर्ण झाल्या. साहेबांनी ती वही पाहून माझी पाठ थोपटली.

आता मामांच्या मेंढ्या मागण्याचा प्रश्न होता. मेंढ्या कापल्या जाणार हे मी लपविले नाही. मामा बराच वेळ दोरीची गाठ सोडीत-बांधीत राहिले.

“मेंढी म्हातारी हुन मरतीच, कुंडलिका. तिचं काय न्हाय. पर तिची लेक ऱ्हायली पायजे.”

“कोकरं पण संगं नेणार हावोत मामा. केंद्रात चारा हाय, लस हाय. सिद्ध झालं की त्याच लेकींपासून सरकार जात वाढवणार. अन् दोन लेकी तुमाला परत. सायबांनी सबूद दिलाय.”

“कागदावर?”

“सायेब देवमाणूस हाय.”

“देवमाणूस हाय म्हनूनच इचारलं,” मामा म्हणाले. “देवमाणसं एका जागी टिकत न्हाईत.” मग त्यांनी चनमल्लप्पांच्या वाघरीकडे पाहिले आणि हळूच हसले. “त्याची बी तीन घेतलीस म्हनं?”

मी मान हलविली. मामांनी आणखी काही विचारले नाही. पाच मेंढ्या आणि दहा कोकरे केंद्रात आली. त्या दहांत सहा मादी होत्या. मामांचा सारा वंश म्हणजे आता त्या सहा लेकी.

फाल्गुनात चोवीस मेंढ्या कापल्या गेल्या. खाटीकखान्यात पीरसाब नावाचे वयस्क कसाई होते, आणि त्यांच्या हातासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. कवटीवर एकच घाव, आणि सुरीच्या टोकाने ते ती ग्रंथी अखंड उचलून माझ्या तळहातावर ठेवीत. मी ती औषधाच्या बाटलीत घालून नंबराची चिठ्ठी लावी. ज्या वस्तूचे नाव मी इतके दिवस मनात घोळविले होते, ती फिकट गुलाबी, ओलसर, हातात सापडेल न सापडेल अशी होती.

“ही कुणाची?” पीरसाबांनी मध्येच विचारले.

“तीन नंबर.”

“नंबर नको सांगू रे बाबा. माणूस सांग.”

“महिपतीची.”

“अन् मघाची दुसरी बी त्याचीच?” मी होय म्हणताच ते म्हणाले, “बोटाला अलग लागती. भरल्यावानी. चाळीस बरस मुंडी फोडतो मी, माझं बोट झूट नाही बोलत.”

मी त्यांना म्हणालो, “चाचा, शास्त्र बोटावर चालत नाही.”

“तर मग बोटाला कशाला बोलावलं?” ते म्हणाले, आणि पुढची मेंढी ओढली.

श्रावणात साहेबांनी मला आपल्या खोलीत बोलाविले. टेबलावर तक्ता पसरलेला होता. त्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकात पाहून पाहून लाल झाले होते.

“कुंडलिक, इकडे ये. हे बारा आकडे जुळी देणाऱ्या मेंढ्यांचे. यातले पाच बघ. पेशी दिसण्याइतक्या जास्त. उरलेले सात बघ. एक कोकरू देणाऱ्यांसारखेच, काहीच फरक नाही. एकाच गटात अशी दोन टोकं का पडावीत?” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “मी तुला स्पष्ट विचारतो. या बाराही मेंढ्यांनी जुळी दिली, याची तुला खात्री आहे ना?”

त्याच टेबलावर, तक्त्याच्या डाव्या अंगाला, मला कायम करण्याचा प्रस्ताव ठेवलेला होता. वरची ओळ मला उलट्या बाजूने वाचता आली. ‘निरीक्षणात अत्यंत विश्वासू व दक्ष.’ साहेबांची सही व्हावयाची होती.

मी म्हणालो, “होय साहेब. बाराही. माझ्या डोळ्यांदेखत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या दृष्टीत संशय नव्हता. संशय असता, तर कदाचित मी खरे बोललो असतो. “मग निसर्गाचा स्वभावच तसा असेल,” असे म्हणून त्यांनी बाराही आकड्यांची सरासरी काढली. पाचांचे अधिक सातांच्या उण्यात विरून गेले. खाली त्यांनी लिहिले की दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, जुळी होणे हे बहुधा चाऱ्यावर अवलंबून असावे. मग त्यांनी माझा प्रस्ताव ओढला आणि त्यावर सही केली.

दोन महिन्यांत संशोधन बंद झाले आणि साहेबांची बदली मराठवाड्यात झाली. नवे अधिकारी आले. जुळी म्हणून मेंढ्यांबरोबर घेतलेली चोवीस कोकरे आता सामान्य जनावरे ठरली होती, आणि सामान्य जनावरांचा नियमाप्रमाणे लिलाव होतो.

लिलावाच्या दिवशी मामा आले. बरोबर दावी आणली होती. त्यांनी फाटकातून चोवीस जनावरांकडे एकदा पाहिले आणि बोटाने मोजल्यासारखे केले.

“माझ्या सहा दिसल्या. वाढल्यात की रं! सायबांनी दोन म्हनलं हुतं. दोनच सोडीव. बाकी त्यांची.”

मी त्यांना नव्या अधिकाऱ्यांपुढे नेले. अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी फाईल उलटीसुलटी पाहिली. “असा काही शब्द दिल्याची नोंद नाही. शिवाय चोवीसही एकाच लॉटमध्ये आहेत. दोन वेगळ्या काढायला काही कारण लागेल. यांच्यात विशेष असं काय आहे?”

“जुळ्याची जात हाय सायेब,” मामा म्हणाले.

“अहवालात तर तसं काही नाही.” अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. “तू होतास ना या कामावर? काय रे, आहे का काही विशेष?”

मामांनीही माझ्याकडे पाहिले. “सांग की कुंडलिका. तू तर बघितल्यात.”

केवळ एक वाक्य उच्चारावयाचे होते. परंतु त्या वाक्यामागून दुसरे वाक्य यावेच लागले असते, की मग बाकीच्या सात कोणत्या, आणि त्या वहीत कोणी लिहिल्या. माझा कायम होण्याचा हुकूम तेव्हा पुण्याच्या कार्यालयातून निघावयाचा होता.

मी म्हणालो, “अहवालात आहे तेच, साहेब.”

मामा लिंबाखाली जाऊन बसले आणि लिलाव संपेपर्यंत तेथेच बसून राहिले. हैदराबादकडच्या एका व्यापाऱ्याने तो लॉट घेतला आणि दुपारच्या आत चोवीसही जनावरे ट्रकात चढविली. मामांनी दावी खांद्यावर टाकली व ते चालू लागले. मी चहाला बोलाविले, तर म्हणाले, “नगं. वाघर एकलीच हाय.”

हुकूम मार्गशीर्षात आला. घरी सोनाबाईने, म्हणजे माझ्या पत्नीने, पुरणाचा स्वयंपाक केला आणि शेजारी पेढे वाटले. मी अर्ध्या ताटावरून उठलो. जे धैर्य मला श्रावणात हवे होते ते मार्गशीर्षात आले, हुकूम हाती पडल्यानंतर. याला धैर्य म्हणावे काय, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

मामांची मेंढरे तेव्हा मंद्रूपला एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसविली होती. मी सकाळच्या एस.टी.ने गेलो आणि त्यांना सारे सांगितले. चनमल्लप्पांच्या तीन, इतरांच्या चार, साहेबांचा प्रश्न, माझे उत्तर, आणि लिलावाच्या दिवशी मी गप्प का राहिलो तेही.

मामा एका मेंढीच्या खुरातील काटा काढीत होते. तो निघेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“त्याच्या तीन लिवल्यास, तवाच मला कळलं हुतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, शिकल्यालं पोर हाय, त्याला काय तरी ठावं असंल. सायबाला कानात सांगंल.”

“मामा, आपली रीतच हाय न्हवं, की लावलेल्याला परकं म्हनू ने…”

“ते मेंढीम्होरं, लेका! मानसाम्होरं न्हवं.” त्यांनी काटा बोटांत धरून पाहिला आणि दूर टाकला. “आता एक कर. सायबाला कागद लिव्ह. मला जसं सांगितलंस तसंच लिव्ह.”

मी पत्र लिहिले. केंद्रातील जमादारांना साहेबांचा नवा पत्ता विचारून ते रजिस्टर टपालाने पाठविले. साहेबांनी ते वरिष्ठांकडे पाठविले असते, तर माझी नोकरी गेली असती, आणि मी तशी तयारीही ठेवली होती. परंतु चैत्रात उत्तर आले ते केवळ माझ्या नावे, साहेबांच्या स्वहस्ताक्षरात. मी ते सांगोल्यास नेऊन मामांना वाचून दाखविले. मामांनी ते दोनदा वाचावयास सांगितले, ओठ हलवीत ऐकले, आणि म्हणाले, “ऐतवारी बाजारात ये. चार मानसात वाच.”

सांगोल्याचा रविवारचा मेंढरांचा बाजार मोठा भरतो. मामांनी चनमल्लप्पांना आणि आणखी आठ-दहा मेंढपाळांना एका झाडाखाली बसविले होते. चनमल्लप्पा तंबाखू मळीत म्हणाले, “वाचा भाचेसायेब. महिपतीला सरकारनं काय इनाम दिलंय, कळू द्या आमाला!” लोक हसले. मी उभा राहून वाचू लागलो.

“‘प्रिय कुंडलिक, तुझे पत्र मिळाले. मी जुना तक्ता काढून पुन्हा पाहिला. महिपती यांच्या पाच मेंढ्या वेगळ्या काढल्या, तर फरक स्वच्छ दिसतो. पीयूषिकेतील त्या पेशी त्यांच्यात खरोखरच अधिक आहेत. त्या मेंढपाळाचे म्हणणे खरे होते.’”

हसणे थांबले. चनमल्लप्पांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मामांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि तोंडावरून हात फिरविला. सबंध आयुष्य ज्या गोष्टीसाठी लोकांनी त्यांना हसून घेतले, ती सरकारी डॉक्टरच्या तोंडून बाजारात उच्चारली गेली होती. मला वाटले, हा क्षण मलीन होऊ नये. पुढील दोन ओळी मी डोळ्यांनी ओलांडल्या आणि त्यांच्या खालून वाचू लागलो.

“‘परंतु केवळ पाच मेंढ्यांवरून शास्त्र काही मानत नाही…’”

“मदलं एक ऱ्हायलं,” मामा म्हणाले.

“मामा…”

“दोनदा ऐकलंय म्या. मदलं वाच.”

सर्वजण माझ्याकडे पाहत होते. त्यांच्यापैकी एकालाही वाचता येत नव्हते. मी काहीही म्हणालो असतो, तरी मामांवाचून कोणाला कळले नसते.

“‘मी तुला त्या दिवशी स्पष्ट विचारले होते, आणि तू माझ्या तोंडावर खोटे बोललास. तुझ्यामुळे मी एक खोटा अहवाल खरा म्हणून छापला.’”

“आता खालचं,” मामा म्हणाले.

“‘परंतु केवळ पाच मेंढ्यांवरून शास्त्र काही मानत नाही. जिवंत वंश हवा. त्या पाच मेंढ्यांच्या लेकी जेथे असतील तेथील ठिकाण मला उलट टपाली कळव. मी स्वतः येतो.’”

चनमल्लप्पांनी मळलेला तंबाखू तसाच झाडला आणि मामांकडे न पाहता मला विचारले, “मग? काय कळवलंत?”

“अजून काही नाही,” मी म्हणालो.

मामांनी पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. ते उठले आणि माझ्या हातातील पत्राकडे बोट करून म्हणाले, “लेकी गेल्या, असं कळीव त्यास्नी. न्हाईतर बापडा वाट बघत बसंल.”